बटाटासाहेब

बटाटासाहेब कधीच गाणं गुणगुणत नसे, गाण्याच्या खालचं गुणगुणत असे. डुग-डुग, डूऽऽ, डुग-डुग. आखातातल्या फुजैराच्या तेल-टर्मिनलवर व्हॉल्व्ह उघडतानाही तोंड चालूच. तरुणपणी ब्राझीलमधल्या एका रॉक बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. “सिंगर दिखता है. बेस सिर्फ होता है,” असं तो अभिमानानं सांगे.

हे बारसं माझ्यामुळे झालं. कॅम्पच्या जेवणाच्या खोलीत मी चिपळूणला बायकोशी फोनवर बोलत होतो: बटाटे संपले असतील तर आण, साबण आण, चावी शेजारी ठेव. पलीकडे एकटाच जेवणारा हा गोरा म्हातारा ताडकन उठला. “बटाटा! साबाँव! शावी! यू स्पीक पोर्तुगीज?” मी म्हटलं, “नो साहेब, मराठी.” त्याचा चेहरा पडला. पोर्तुगीजांनी कोकणपट्टीत काय काय विसरून ठेवलंय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनच्या वेळी तो शेजारी येऊन बसू लागला. अख्ख्या कॅम्पात त्याची भाषा बोलणारं कुणी नव्हतं. माझ्या संसारातले चार शब्द ऐकून तो भात कालवायचा. बायको म्हणायची, “कोण हो ते मध्येच हसतंय?”

शाळेतल्या चार मित्रांनी टायरच्या दुकानात तो बँड काढला होता. दुसऱ्या रेकॉर्डनं नाव झालं, कॉलेजची पोरं गेटवर त्यांची गाणी म्हणू लागली. पण नावानं पोट भरत नाही. मुलगी झाली तेव्हा बटाटासाहेबानं गिटार खाली ठेवून जहाजाच्या इंजिनरूममधली नोकरी धरली. उरलेले तिघे वाजवत राहिले, मोठे झाले. “लास्ट शोला मला बोलावणार. चार जणांनी सुरू केलं, चार जणच बंद करणार. इन्शाल्ला,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्हीही मेले चेष्टा करायचो, “साहेब, आला का फोन?”

फोन आला तो मुलीचा. बँडचा निरोपाचा कार्यक्रम त्यांच्याच गावात झाला होता. बेसवर एक नवी मुलगी होती. लेकीनं व्हिडिओ पाठवला होता.

सुट्टीच्या दुपारी त्यानं मला खोलीवर बोलावलं. फोन उशीला टेकवून ठेवला आणि कपाटावरून गिटार काढली. व्हिडिओत मैदान माणसांनी फुललेलं, सगळी विशी-पंचविशीतली. गाणं सुरू व्हायच्या आधीच ती पोरं डुग-डुग करू लागली. त्यानं बसवलेलं, सुरासकट, जसंच्या तसं. मी म्हटलं, “साहेब, ये तो आपका है!”

“मेरा है,” तो म्हणाला. “उनको मालूम नहीं.”

मग तो उभा राहिला आणि त्यानं त्या बेसवाल्या मुलीबरोबर सगळी गाणी वाजवली. ॲम्प्लिफायर नव्हता, तारांचा आवाज एसीपुढे जेमतेम माझ्यापर्यंत पोचत होता. मला वाईट वाटत होतं, रागही येत होता. तीन माणसांना एक फोन करता येऊ नये?

शेवटचं गाणं संपलं. फोनमधलं मैदान टाळ्यांनी दणाणलं. स्टेजवरच्यांनी वाकून नमस्कार केला, तसा यानंही केला, पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत, अगदी खाली वाकून. व्हिडिओ थांबला, टाळ्या तुटल्या, तरी तो वाकलेलाच. मला राहवेना. मी एकट्यानं टाळ्या वाजवायला लागलो आणि तो सरळ होईपर्यंत थांबलो नाही.

त्याला फार वेळ लागला.