भोंगा झाला आणि महागू चरात

शेवंताबाईची गोष्ट सांगायला बसलो की माझा चहा गार होतो, होऊ द्या. ती माझी शेजारीण. तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत डोक्यावर घमेलं वाहण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. नवरा महागू तिथंच सुरुंगवाल्यांच्या हाताखाली. खाणीचा भोंगा झाला की सुरुंग उडणार, गोटे आभाळातून पडणार; असाल तिथल्या चरात पालथं व्हायचं. जेवता जेवता हा महागू चरात पडलेला मी पाहिला आहे, पण हातातला कांदा काही सुटला नाही!

मग आमच्या शिवारात एक कंपनी आली. जमिनीच्या पार पोटात खडक तापलेला आहे म्हणे. तिथवर भोक पाडून पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड दाबून सोडायचा, तो तापून वर आला की त्याच्यावर वीज करायची. अनुराग नावाच्या साहेबानं गाव जमवून सांगितलं, हा वायू हवेपेक्षा जड. नळी फुटली तर खोलगट जागी साचतो, माणूस निजल्यासारखा मरतो. भोंगा झाला की टेकडीवर पळा.

शेवंताबाई त्या दिवसापासून भ्याली. महागू सभेला गेलाच नव्हता. म्हणाला, "वायूले काय भेतं वं? वाघाले भे!"

"वाघ दिसते तरी. भोंगा झाला का टेकडीवर, समजलं ना?"

"हौ वं, हौ."

माघातली दुपार. दोघं नाल्याकाठी शेळ्या चारत होती, मी टेकडीवर काड्या तोडत होतो. भोंगा झाला. शेवंताबाईचे गुडघे आपोआप वाकले, पण ती सावरली आणि टेकडीकडे धावली. माझ्याजवळ येऊन वळून पाहते तर मागे महागू नाही. तो खाली चरात पालथा, दोन्ही हात डोक्यावर. आणि कंपनीच्या कुंपणाकडून पांढरं धुकं जमिनीला चिकटून येत होतं, पाणी उताराला लागावं तसं.

"अवो, उठा ना! वर या!"

"खाली पड, येडे! गोटे येतीन!"

मी पुढं निघालो आणि थांबलो. वाचवायला जाणाराही तिथंच पडतो, हे साहेबानं बजावलं होतं. शेवंताबाईनं त्याला उठवायला ढेकूळ फेकलं. ते त्याच्या कानाशी पडलं. त्याला वाटलं, गोटे सुरू झाले. तो आणखीच चपटा झाला.

चराच्या पलीकडं एक शेळी गुडघ्यावर बसली, मग आडवी झाली. धुकं तिच्या अंगावरून पुढं सरकलं.

शेवंताबाईचं ओरडणं थांबलं. तिनं माझ्या हातातली कुऱ्हाड ओढली आणि जवळच्या कंपनीच्या लोखंडी खांबावर पात्यामागचा बोथट तुंबा हाणला. टण, टण, टण. थांबली. पुन्हा टण, टण, टण. सुरुंग उडून झाले की खाणीत रुळाचा तुकडा असाच ठोकत. उठा, कामाला लागा!

महागू उठला. धोतर झटकलं आणि पाळीवर निघाल्यासारखा चढू लागला, पण दोनदा कोलमडला. मी धावत जाऊन त्याला काखेत धरलं. त्याचे ओठ निळे पडले होते.

बऱ्याच वेळानं त्याला बोलता आलं. "सुरुंग उडालाच नाही, अन् घंटा कोण ठोकली?"

"मीनं."

"चूक ठोकली."

शेवंताबाईनं त्याचं मनगट सोडलं नाही. खाली चर पांढरा भरत होता. आम्ही तिघं आणखी वर चढलो.