विरळणीचे चष्मे

मला क्लबात घेतलं ते माझा स्वभाव बघून नव्हे, हे आधीच सांगून टाकते. स्वभाव बघितला असता तर दारातूनच परत पाठवलं असतं. आमच्या त्या सेवाभावी क्लबाचा नियम होता, एका धंद्याचा एकच सभासद. डॉक्टरांतसुद्धा दाताचा एक, हाडांचा एक. नाशकात तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, त्यांच्याकडे चष्म्याच्या धंद्याची जागा रिकामी होती आणि मेन रोडवरचं वडिलांचं चष्म्याचं दुकान मी चालवत होते. बायकांना सभासद करायचंही नुकतंच कुठे सुरू झालं होतं. एका दगडात त्यांचे दोन पक्षी.

दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक. अध्यक्षांनी घंटा वाजवायची, सगळ्यांनी उभं राहायचं, राष्ट्रगीत, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त, वाढदिवस, लग्नांचे वाढदिवस, कुणाचं तरी भाषण आणि शेवटी कटलेट. अध्यक्ष अंबडच्या एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात अध्यक्षपदाची ती पदकांची माळ पडली की त्यांचा आवाजच बदलायचा. मला सगळे 'वहिनी' म्हणत. माझे मिस्टर क्लबात नव्हते, यातला एकही जण त्यांना ओळखत नव्हता, मग मी वहिनी कुणाची? दुसऱ्याच बैठकीत मी उभी राहून हे विचारलं. हशा पिकला. पुढच्या मंगळवारी परत 'या वहिनी, बसा'.

खोटं कशाला बोलू, कामं होत असत. रक्तदान व्हायचं, मोतीबिंदूची शिबिरं व्हायची, इगतपुरीकडच्या शाळांत पोरांना रेनकोट वाटले होते. पण प्रत्येक कामाला स्टेज लागायचं. स्टेज, बॅनर, हार आणि पाहुणे. पाहुणे नाहीत तर काम थांबायचं, आणि याचं कुणाला काही वाटतही नसे.

डिसेंबर लागला होता. कटलेट खाता खाता एक सभासद, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, सहज म्हणाले, "यंदा मजुरांच्या टोळीतल्या जुन्या बायका काढाव्या लागणार. विरळणी जमत नाही त्यांना."

विरळणी म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं. घड धरला की त्यातले दाटीतले बारके मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. मणी तेव्हा ज्वारीएवढे. कात्री जरा चुकली की शेजारच्या मण्याला टोक लागतं, तो सडतो आणि घड जातो. माल परदेशी जायचा, त्यामुळे डाग चालत नसे.

"जुन्या म्हणजे किती वयाच्या?" मी विचारलं.

"असतील पंचेचाळीस, पन्नासच्या. हात चालतात हो, पण मणी चुकवतात. म्हातारपण."

मी बेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या नाकावर चष्मा होता. डोक्यात अशी तिडीक गेली! अहो, ते म्हातारपण नव्हे, ती चाळिशी. दोन नंबरची काच लावली की संपलं. जे दुखणं मी दिवसातून दहा वेळा काउंटरवर पाच मिनिटांत निस्तरते, त्यापायी या माणसाने बायकांना घरी बसवायचं ठरवलं होतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, आपण मजूर बायकांना जवळचे चष्मे देऊ. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, मोतीबिंदू ठीक आहे. चाळिशीचा काय प्रकल्प करायचा?" दोन मंगळवार मी तोच विषय लावून धरला. शेवटी कंटाळून त्यांनी ठराव केला. मनात म्हटलं, कंटाळून का होईना, केला ना?

गुरुवारी मी स्कूटरवरून त्या बागायतदारांच्या बागेत गेले. टोळीची मुकादम एक बाई होती, पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. दरवर्षी दिवाळीनंतर ती आपल्या पाड्यावरच्या बायकांना घेऊन खाली उतरायची आणि बागेच्या कडेला खोपटी बांधून सगळ्या राहायच्या. मी तिला मावशी म्हणायला लागले, ती मला ताई. तीच बागायतदारांची 'जुनी बाई'. त्यांनी तिला निर्वाणीचं सांगितलं होतं, सोमवारपर्यंत हात सुधारला नाही तर तू घरी जा, टोळी दुसरीच्या हाताखाली देतो.

"मी गेले तर ह्या पोरींकडं कोन बघंल, ताई?" ती म्हणाली. "मजुरी घ्यायला मीच उभी राहते. कोनी आडवं बोललं तर मीच पुढं व्हते. मला नाय राहू देत तर ह्याबी नाय राहायच्या."

नंबर काढायला मी दुकानातला अक्षरांचा तक्ता नेला होता. कसला उपयोग! तिथे वाचणारं कोण होतं? तो बाजूला ठेवला आणि मांडवालाच लटकलेला घड तिच्यासमोर धरला. काचा बदलत गेले. दोन नंबरची काच लावली तशी तिने घड स्वतःच्या हातात धरला. मग बोटाने एक एक मणी शिवत म्हणाली, "आगं बाई, ह्याला देठ हाय!"

मी हसले आणि डोळ्यांत पाणीही आलं, लपवत नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. या बायका मान वर करून काम करतात, त्यामुळे चष्मा मागे घसरतो. शिवाय दोन भागांची काचही त्यांना कुचकामी, कारण त्यातला जवळचा भाग खाली असतो आणि यांचं काम डोक्यावर. म्हणून अख्खी काच जवळची घेतली आणि काड्यांना मागून इलॅस्टिक शिवलं. आजूबाजूच्या बागांतल्या मिळून एकतीस जणी निघाल्या. शनिवारी रात्रीपर्यंत एकतीस चष्मे तयार झाले.

आणि सचिवांचा फोन आला. वाटप तीन आठवड्यांनी, प्रांतपाल येतील तेव्हा. प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या कितीतरी क्लबांचे प्रमुख, त्यांची वर्षातून एकदा भेट.

"तोपर्यंत विरळणी उरकत येईल," मी म्हटलं. "वरातीमागून घोडं कशाला? आणि त्या बाईला सोमवारी काढणार आहेत."

"वहिनी, कार्यक्रम ठरलाय."

मी फोन ठेवला. रविवारी सकाळी एकतीस चष्मे पिशवीत घालून बागेत गेले आणि एकेकीच्या डोळ्यांवर चढवून आले. हार नाही, बॅनर नाही. सोमवारी बागायतदारांनी मावशीच्या हातचे घड उलटसुलट करून पाहिले, एकही मणी दुखावलेला नव्हता. "बरं, राहा," एवढंच म्हणाले.

मंगळवारी क्लबात माझी सुनावणीच झाली. क्लबाच्या नावाचं काम परस्पर केलं, शिस्त मोडली, वगैरे. ऐकून घेतलं. मी खरंच परस्पर केलं होतं आणि पुन्हा केलं असतं, तसं सांगितलंही. मग अध्यक्षांनी जो तोडगा काढला तो आजही आठवला तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ते म्हणाले, "चष्मे परत गोळा करू. कार्यक्रमात प्रांतपालांच्या हस्ते देऊ. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि भल्या भल्या शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या! त्यात आमचे बागायतदारही होते. अहो, तुमचीच बाग ना ती? घड सडले असते तर प्रांतपालांच्या गळ्यात घातले असते का?

"डोळ्यांवरचा चष्मा काढून घ्यायचा?" मी म्हटलं. "मी नाही येणार असल्या कामाला. आणि जो जाईल त्याच्या आधी मी तिथे असेन."

बुधवारी सचिव मोटारीतून खोका घेऊन बागेत आले, तेव्हा मी मांडवाखाली उभी होते. सचिव तसे वाईट नव्हते, सांगितलेलं करणारे होते. त्यांनी मावशीला समजावलं, मोठे साहेब येणार, स्टेजवर मान मिळणार, फोटो निघणार, चष्मा तुमचाच आहे, फक्त थोडे दिवस आमच्याकडे. मी मध्ये तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने हातानेच मला थांबवलं.

तिची कात्री चालूच होती. "दादा," ती म्हणाली, "मी आज हा काढून दिला तर उद्या मला शेठ घरी धाडंल. मंग तुमचा साहेब कोनाला मान देनार?"

सचिवांनी खोका या हातातून त्या हातात घेतला.

"फोटूच पायजे ना तुम्हाला? काढा की हितंच. पन मी हात नाय थांबवायची."

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतल्या बायकाही जवळ आल्या. एकेकीने चष्म्यावर हात ठेवला. एकतीस जणींतल्या चौदा तिथे असतील. सचिवांनी खोका गाडीत ठेवला आणि कॅमेरा काढला. खरंच फोटो काढला. मावशीने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, घडाकडे पाहिलं. जाताना सचिव मला हळूच म्हणाले, "वहिनी, मी काय सांगू तिकडे?"

"बघितलं तेच सांगा," मी म्हटलं.

कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे सकाळी अकराला झाला, कारण हॉल बुक होता. दोन दिवस आधी अध्यक्षांचा मला फोन, दुकानातून एकतीस नवे चष्मे आणा, स्टेजपुरते, नंतर परत न्या. मी नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी बायकांना आणायला टेम्पो पाठवला. शेवटच्या प्लॉटची विरळणी चालली होती, टेम्पो रिकामा परत आला. घरी मिस्टर म्हणाले, आता तरी जरा नमतं घे, नाहीतर काढतील तुला. म्हटलं, काढू देत. मी काय तिथे कटलेटसाठी जाते?

प्रांतपाल उंच, शांत गृहस्थ होते. हार झाले, अध्यक्षांचं प्रास्ताविक झालं. लाभार्थींसाठी राखून ठेवलेल्या पुढच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. प्रांतपालांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माइकवरूनच विचारलं, "भगिनी अजून आल्या नाहीत का?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव मान खाली घालून बसले. बागायतदार एकदम घड्याळ बघायला लागले. मी उभी राहिले.

"नाही आल्या आणि येणारही नाहीत," मी म्हटलं. "त्यांना दिसायला लागलंय, साहेब. त्या कामावर आहेत."