भाऊजींची बंदूक ग्लासगोला जाते

माझ्याकडे डब्याच्या पोळ्या लाटायला बायका येतात, त्या दर वेळी म्हणतात, "मंगलताई, ती बंदुकीची गोष्ट सांगा." मी विचारते, कुठली? एकाच बंदुकीच्या पाच-सहा झाल्यात. फ्रीजच्या मागे कचरा साठतो तशा या गोष्टी साठतात, एक ओढावी तर मागून दुसरी येते. मी चौथी पास बाई. पण हवेच्या बंदुकीचा इथला कायदा मला पाठ आहे, आणि तो मी काही हौसेने शिकलेले नाही.

*

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. आम्ही सगळे लंडनजवळच्या वॉटफर्डचे. त्यांच्या घरात खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्याराची पूजा झालीच पाहिजे. गावाकडे तलवार होती, ती विमानात कोण घेऊ देणार? म्हणून पहिली काही वर्षं पाटावर भाजीची सुरी ठेवली. माझ्या जाऊबाई वैतागल्या. "पूजेनंतर दसरा होईपर्यंत हत्यार हलवायचं नाही म्हणता, मग मी कांदा दाताने कापू?"

भाऊजी गेले दुकानात. छर्‍याची, हवेवर चालणारी बंदूक. इंग्लंडात तिला लायसन्स लागत नाही, वय दाखवलं की मिळते. दुकानदाराने विचारलं, "काय मारायचंय? उंदीर, की रिकामे डबे?"

भाऊजी म्हणाले, "काहीच नाही. पाटावर सरळ उभी राहील अशी द्या."

दुकानदाराने तीन बंदुका जमिनीवर उभ्या करून दाखवल्या म्हणे.

*

तेव्हापासून दरवर्षी ती देवघराच्या कोपऱ्याला टेकून, तोंड वर करून उभी. जाऊबाई तिला हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि वरून मूठभर अक्षता टाकायच्या. हात सैल बाईचा. एरवी ती त्यांच्या जुन्या रेशमी साडीत गुंडाळून कुलपाच्या कपाटात. भाऊजी अभिमानाने सांगायचे, "आजवर हिच्या नळीत एक छर्रा गेलेला नाही."

एकदा शेजारच्या गोऱ्या आजोबांच्या शेडमध्ये उंदीर झाले. ते आले, तुमच्याकडे बंदूक आहे ना, जरा या. भाऊजी म्हणाले, "आज नाही जमणार, आज तिची पूजा आहे." दुसऱ्या दिवशी ते परत आले. "आज दसरा आहे." तिसऱ्या दिवशी, "आता गुंडाळून ठेवली."

आजोबा चिडले. "अहो, मग तुम्ही ती वापरता कधी?"

"परवाच वापरली की," भाऊजी म्हणाले.

*

दोन वर्षांपूर्वी जाऊबाई गेल्या. भाऊजींचे गुडघेही गेले. यंदा दसऱ्यानंतर घर सोडून म्हाताऱ्यांसाठीच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. तिथली वॉर्डन म्हणाली, बंदूक आत येणार नाही, मग ती हवेवर चालो नाहीतर पाण्यावर. आता एकतर ती पोलिसांकडे द्यायची, ते तिचा चुरा करणार. नाहीतर एकुलत्या एका मुलीला द्यायची. केतकी तिकडे स्कॉटलंडात, ग्लासगोला दातांची डॉक्टर आहे. चुऱ्याचं नाव काढलं की भाऊजी ताटावरून उठायचे. "तिच्या आईने पूजलेली वस्तू आहे. तिच्याच घरी जाईल."

एके सकाळी पाहते तर भाऊजी बंदूक साडीत गुंडाळून, ट्रेनचं तिकीट खिशात घालून दारात उभे. मी वाट अडवली आणि केतकीला फोन लावला.

"बाबा, नाही आणायचं! स्कॉटलंडमध्ये त्याला सर्टिफिकेट पाहिजे. मला पाहिजे, आणि तुम्ही आणलं तर तुम्हालापण परमिट पाहिजे."

"अगं, देश एकच आहे ना?"

"कायदा वेगळा आहे."

भाऊजी माझ्याकडे वळले. "म्हणजे इंग्लंडातल्या शेवटच्या कार्लाइल स्टेशनपर्यंत मी वडील, आणि पुढच्या स्टेशनात गुन्हेगार?"

"हो," मी म्हटलं. "चप्पल काढा, आत या."

आत येऊन म्हणतात कसे, "नळी पोस्टाने पाठवली आणि दांडा तू नेलास तर?" मी तिकीट काढून घेतलं.

*

केतकीने अर्ज भरला. त्यात विचारतात, बंदूक कशासाठी हवी, सबळ कारण द्या. तिने लिहिलं, पूजेसाठी. चार दिवसांत पोलिसांच्या ऑफिसातून बाईंचा फोन आला. केतकीने आम्हालाही जोडून घेतलं.

"पूजेच्या वेळी बंदूक झाडणार का?"

"नाही."

"पूजेनंतर?"

"नाही."

"मग दुसऱ्या एखाद्या वस्तूची पूजा केली तर नाही का चालणार?"

मला राहवेना. माझं इंग्रजी डबे विकून आलेलं, पण भांडायला पुरतं. मी म्हटलं, "लंडनला राजाच्या मिरवणुकीत घोड्यावरचे शिपाई एवढाल्या तलवारी मिरवतात. त्यांनी शेवटचं कोणाला कापलं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी आमच्याकडे अर्ज केलेला नाही."

*

नेमबाजीच्या क्लबात जात असाल तर मात्र कारण सबळ. मग केतकी क्लबात जायला लागली. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मुलगी, दर रविवारी क्लबाच्या बंदुकीने कागदाला भोकं पाडून यायची. महिन्याभरात सगळी भोकं मधोमध. दात किडलेला बघायची सवय, नजर बसलेली.

जावई नागपूरचा, बोलका. त्याला फोनवर विचारलं, कसं चाललंय?

"छान आहे, काकू. आता भांडी घासायला ती एकदाच सांगते."

*

खंडेनवमीच्या सकाळी केतकी सर्टिफिकेट आणि बंदुकीची कुलपाची पेटी घेऊन वॉटफर्डला आली. घरात खोकीच खोकी, देवघर तेवढं शिल्लक. घेणाऱ्याचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय द्यायची नाही, असं मीच भाऊजींना बजावून ठेवलं होतं. चूक झाली. त्यांनी चष्मा लावला.

"नाव?"

"बाबा, काय हे?"

"नाव सांग."

तिने सांगितलं.

"जन्मतारीख?"

"तुम्ही होता ना हॉस्पिटलमध्ये!"

"मी गाडी पार्क करत होतो. तारीख सांग."

तीही सांगितली. त्यांनी फोटो तिच्या तोंडाशेजारी धरून पाहिला, माझ्याकडून खात्री करून घेतली, मग पूजा झाली. या वेळी हळदकुंकू केतकीने लावलं. दुसऱ्या दिवशी दसरा उरकल्यावर भाऊजींनी बंदूक दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातात दिली.

क्लबात तिला पहिलं शिकवलंय, बंदूक हातात आली की आधी उघडून बघायची. भाऊजी म्हणाले, "अगं, त्यात काही नाही. आजवर एक छर्रा..."

तिने नळी बिजागरीवर वाकवून बंदूक उघडली आणि तोंड खाली केलं. पाटावर तांदूळ पडायला लागले. कुंकवाने लाल झालेले, मग जुने, विटके, मग पार काळपट. मध्येच अडकले, तर तिने हळूच टिचकी मारली. आणखी पडले.

"बाबा," केतकी म्हणाली, "ही तर लोडेड होती."

भाऊजी गुडघे धरत खाली बसले. एक-एक दाणा वेचून त्यांनी रुमालात घेतला, घट्ट गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"मंगल, त्या पोलीसबाईंना फोन लाव. विचार, हे पेटीत बंदुकीबरोबर चालतं, की वेगळं न्यावं लागतं?"