एझ्राचं झाकण

एझ्रा रिगलीला बिघडलेली वस्तू बघवायची नाही, आणि धड चालणारी तर त्याहून बघवायची नाही. आमच्या गल्लीत त्याच्या हाताखालून न गेलेलं घड्याळ शोधून सापडलं नसतं. माझं कपडे पिळायचं यंत्र जरा करकरत होतं, एवढंच. ते त्यानं न विचारता उघडलं, रूळ घट्ट आवळले, आणि पुढच्या धुण्याला त्या यंत्रानं माझ्या नवऱ्याचा रविवारच्या प्रार्थनेला चॅपेलमध्ये घालायचा सदरा चावून टाकला. मी चिंध्या घेऊन त्याच्या दारात उभी राहिले, तर म्हणतो, "पण टॅबी, आता करकरत नाही ना?"

असा माणूस देवानं शेजारी दिला आणि मधली भिंत तेवढी पातळ दिली. त्या भिंतीपलीकडून मला पहिल्यांदा ऐकू आलं ते त्याच्या बायकोचं, झिलाचं गाणं, आणि नंतर तिचा खोकला.

झिला आणि मी एकाच गिरणीत, एकाच पिंजण खात्यात कामाला. ओल्डहॅममध्ये गिरण्यांची धुराडी मोजायच्या फंदात कोणी पडत नाही, तेव्हा आमची कुठली ते सांगून उपयोग नाही. आमच्या साच्यांवर, म्हणजे पिंजायच्या यंत्रांवर, मोठाले ढोल, ढोलांवर तारांचे बारीक दात, लाखोंनी. कापूस त्या दातांतून विंचरून निघायचा आणि दातांत केर अडकायचा. दिवसातून कितीदा तरी साचा थांबवून तो केर ब्रशनं उपसावा लागे. ते काम एझ्राचं. दातांना धार लावणं, तेही त्याचंच. त्याचा ब्रश फिरला की असा धुरळा उठायचा की शेजारच्या साच्यावरची बाई दिसेनाशी व्हायची. आम्ही शालीचं टोक तोंडात धरायचो आणि डोळे मिटून थांबायचो.

दुष्मन धुरळा होता, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या खात्यात सगळे सोमवारला घाबरायचे. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की दीड दिवस छाती मोकळी. सोमवारी परत आलं की दुपारपर्यंत बरगड्यांवर कोणी दोरी आवळल्यासारखं व्हायचं. मंगळवारी दोरी जरा सैल, बुधवारी गेलीच म्हणा. मग जुनी माणसं काय म्हणणार? "रविवार बाधला." कापूस काही करत नाही, खंड पडला की छाती रुसते, असं आमच्यात आईनं लेकीला सांगायचं आणि लेकीनं ऐकायचं. रोज खाणाऱ्याला कांदा झोंबत नाही तसंच, असं मीही मानत होते. सोमवारी त्रास आणि बुधवारी आराम, हे तर प्रत्येकीच्या अंगानं सांगितलेलं होतं.

झिलाचा आवाज खर्जातला, भरदार. चॅपेलमध्ये ती गायला उभी राहिली की पेंगणारे म्हातारे सरळ बसायचे. एका रविवारी लांबवायचा सूर तिनं मध्येच सोडला आणि खोकला लपवायला पुस्तक तोंडापुढे धरलं. बाहेर आल्यावर हसून मला म्हणाली, "टॅबे, म्हातारी झाले गं मी." चाळिशीसुद्धा आली नव्हती तिला.

एझ्रानं तो सुटलेला सूर ऐकला होता. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. घड्याळं बंद पडून राहिली, लोक बोंबलत राहिले. त्याला आता झिलाचा श्वास दुरुस्त करायचा होता.

त्यानं दोन बाजूंनी सुरुवात केली. पहिली गोष्ट म्हणजे झाकण. साच्याच्या ढोलावर आणि ब्रशवर मिळून पत्र्याचं झाकण बसवायचं, झाकणाला नळी, नळीच्या टोकाशी पंखा आणि पिशवी, म्हणजे केर हवेत उडण्याआधी पिशवीत ओढला जाईल. आमचा मुकादम व्हिटम वाईट माणूस नव्हता. एक जुना साचा त्यानं एझ्राला करून बघायला दिला. पहिल्याच दिवशी पत्रा तारांना घासला, ठिणगी उडाली आणि कापसानं पेट घेतला. बादल्या ओतून विझवलं.

"रिगली!" व्हिटम ओरडला. "सगळ्यांना भाजून खायचा बेत आहे का तुझा?"

"कडेला चामडं लावायला हवं होतं, साहेब," एझ्रा भिजलेली टोपी पिळत म्हणाला. "चुकलंच ते."

"तुझं डोकं चामड्यात बांधायला हवं," व्हिटम म्हणाला, पण साचा काढून घेतला नाही.

दुसरी गोष्ट घडली ती आमच्या जत्रेच्या आठवड्यामुळे. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या बंद असतात आणि अख्खं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर लोटतं. इथला शेजारी तिथंही शेजारीच सापडतो. त्या वर्षी झिला धक्क्याच्या पार टोकापर्यंत चालत गेली, तीही माझ्यापुढे. वाऱ्यात उभी राहून तिनं एक पूर्ण कडवं म्हटलं, लांबवायचा सूर पुरता लांबवून. एझ्राच्या हातात शिंपल्यातल्या मांसाची पुडी होती, ती तशीच राहिली. मला वाटलं होतं, हा आता रडतो.

परत आल्यावरचा सोमवार मात्र भयंकर उगवला. दुपारी झिला कापसाच्या टोपलीवर बसली ती उठेचना. ओठ निळे पडले होते. एझ्रानं तिला खांद्याचा आधार देऊन घरी नेलं. संध्याकाळी तो माझ्या दारात आला.

"आठवडाभर समुद्राची हवा," तो म्हणाला. "रविवार एक दिवसाचा, तर एवढं होतं. हा तर आठ रविवारांचा रविवार झाला. त्या हवेनंच घात केला, टॅबी."

"तिथं तर ती छान होती रे."

"तेच तर! तिथं छान, म्हणूनच इथं वाईट. छाती कापूस विसरली. तिला विसरूच द्यायचं नाही."

कापसाचा केर उशीत भरणं आमच्याकडे नवं नाही. पण आम्ही तो धुऊन, उन्हात वाळवून भरतो. एझ्रानं न धुतलेला भरला, साच्यावरून उपसलेला, जसाच्या तसा. शनिवारी झिलाचं डोकं त्या उशीवर, रविवारीही त्याच उशीवर, म्हणजे सोमवारी छातीला नवं काहीच नाही. आणि बाई, त्या उशीनं गुण दिला! पुढचा सोमवार झिलाला खरंच हलका गेला. एझ्रा खात्यातून गिरणीच्या मालकासारखा चालत होता. म्हणाला, "बघितलंस? घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते."

सोमवार हलका गेला, पण बाकीचे दिवस जड होत गेले, हे कोणी जोडून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी जत्रेचा आठवडा आला तेव्हा झिला त्याला म्हणाली, "एझ्रा, समुद्र बघून येऊ या की."

"आधी छाती धड होऊ दे, पोरी. मग हवा तेवढा बघ."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यंत्रवाल्यापुढे कोण बोलणार?" आणि घरीच राहिली. त्याच्या हातांवर तिचा विश्वास होता. मला अजून राग येतो, त्याचा की तिचा ते कळत नाही.

चामड्याची कड लावलेलं झाकण तोवर चालू लागलं होतं. व्हिटमनं इंजिनघरातल्या माणसांकडून चांगला पंखा जोडवून घेतला आणि एकेक करत सगळ्या साच्यांवर झाकणं बसली. एके दिवशी मला खात्याची पलीकडची भिंत दिसली. इतकी वर्षं तिथं काम करून तिला हिरवा रंग आहे हे मला माहीत नव्हतं. आणि पुढच्या काही सोमवारांत बरगड्यांवरची दोरी सैल होत होत गेली. बायका एझ्राच्या पाठीत गुद्दे घालायच्या, एकीनं तर त्याचा मुका घेतला. तो लाजून लाल झाला आणि मला म्हणाला, "झिलाला सांगू नकोस."

झिला तेव्हा काम सोडून घरी होती. तिला जिना चढवत नव्हता, म्हणून पलंग खालच्या खोलीत आणला होता. सगळं खातं सुधारलं आणि जिच्यासाठी झाकण केलं ती मात्र खंगत चालली. एझ्राला हे समजत नव्हतं. त्याला एकच गोष्ट सुचत होती. आता पंख्याच्या पिशवीत केर आयता, पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक, पिठासारखा जमायचा. तो ते पीठ घरी आणायचा आणि तिची उशी ताजी भरायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी सगळ्या चॅपेलांची मिरवणूक निघते, त्या शुक्रवारी गिरणी बंद होती. पांढरे झगे घातलेल्या मुली, निशाणं, बँड, सगळं आमच्या गल्लीच्या तोंडावरून जात होतं. एझ्राला चॅपेलचं निशाण धरायला नेलं होतं. मी झिलाजवळ बसले. तिनं खिडकी उघडायला सांगितली, आणि मग म्हणाली, "टॅबे, ही उशी जरा काढ. शाल दुमडून दे डोक्याखाली."

"झटकून आणते परसात. किती कुबट झालीय!"

"आण. पण तो यायच्या आत परत दे हं."

मी उशी परसातल्या दोरीवर टाकली आणि झाडूच्या दांड्यानं दोन रट्टे घातले. ऊन चांगलं होतं. उशीतून असा लोट उठला की मी शालीचं टोक तोंडात धरलं. मला सवयीनंच कळलं, हा सोमवार आहे. गिरणीतला जुना सोमवार. मी खोकत मागे सरले, तर परसाच्या फाटकात एझ्रा. निशाण दुसऱ्याच्या हाती देऊन तो बायकोला बघायला लवकर आला होता.

तो लोट हळूहळू खाली बसत होता आणि एझ्रा त्याच्याकडे बघत होता. साच्यावरचा धुरळा त्याच्याइतका कोणी पाहिला होता? त्यानं हात पुढे करून थोडा तळव्यावर घेतला, अंगठ्यानं चोळला.

"हा माझ्या पिशवीतला आहे," तो म्हणाला. मग, "गिरणीतून काढला मी हा, टॅबी. सगळ्यांच्या तोंडासमोरून काढला. आणि..."

तो परसातल्या दगडावर बसला आणि त्यानं टोपी तोंडावर दाबून धरली.

आत गेल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. मी निघाले होते, तर झिलानं माझा हात धरून ठेवला. त्याचं बोलणं संपल्यावर ती थांबत थांबत म्हणाली, "तू कामाला गेलास की मी ती पलंगाखाली टाकायची, एझ्रा. जरा बरं वाटायचं. गल्लीत तुझे बूट वाजले की परत घ्यायची."

"का गं? मला सांगायचंस ना!"

"इतकी मन लावून भरायचास. आणि म्हटलं, तुला कळतं यातलं."

त्यानं तिला समुद्रावर न्यायचं ठरवलं. गाडीवाल्याशी बोलला, खुर्चीला चाकं लावायला घेतली. चाकं बसली तेव्हा ती अंथरुणातून उठण्यापलीकडे गेली होती. जत्रेच्या आठवड्यात, गाव रिकामं असताना, ती गेली. खांदा द्यायला माणसं गोळा करताना मला शेजारच्या वस्तीपर्यंत जावं लागलं.

एझ्रा पुढे बरीच वर्षं कामावर होता. इतर गिरण्यांची माणसं झाकण बघायला यायची. तो ते चालवून दाखवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. कोणाचं घड्याळ त्यानं पुन्हा उघडलं नाही. एकदा खात्यात नवीन लागलेल्या एका पोरीला मी म्हटलं, "आज सोमवार, जपून गं." ती म्हणाली, "का? सोमवारी काय असतं?" तो तिथंच साचा साफ करत होता. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि जिन्यावर जाऊन बसला. मी त्याच्यामागे गेले नाही.

मागच्या हिवाळ्यात तोही गेला. आमच्या गल्लीत मेलेल्याला न्हाऊ घालून फळीवर नीट निजवायचं काम माझ्याकडेच येतं. डोक्याखाली द्यायला उशी हवी म्हणून मी घर धुंडाळलं. कपाटात नाही, पेटीत नाही, माळ्यावरही नाही. त्या घरात उशीच नव्हती. एवढी वर्षं तो कसा निजत होता कोण जाणे. मी घरी जाऊन माझी आणली, चांगली पिसांची, स्वच्छ, पांढऱ्या अभ्र्याची. त्याचं डोकं एका हातानं उचललं आणि तशीच उभी राहिले. मग उशी बाजूला ठेवली आणि त्याचं डोकं सपाट फळीवरच टेकवलं.