साऱ्या वस्तीचा एकच नंबर

हनुमंत तात्यांचा मोबाइल नंबर मला माझ्या स्वतःच्या नंबराआधी पाठ झाला. मलाच कशाला, राजुरीतल्या आमच्या वस्तीत सगळ्यांनाच. तात्या ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. पंचवीस वर्षं त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. पाणी आलं नाही, कमी आलं, गढूळ आलं की लोक त्यांना फोन लावायचे, वर दोन शिव्याही हासडायचे, आणि तात्या "जय भीम, बोला" म्हणून सगळं ऐकून घ्यायचे. पाळी मोडून त्यांनी कुणाला पाणी दिलं नाही. बायकोलाही नाही, आणि त्या माउलीने ते त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी शाळेत आधार कार्डाचं शिबिर भरलं. मशीनवर बसलेला पोरगा प्रत्येकाला मोबाइल नंबर विचारत होता. अर्ध्या घरांत फोन नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांचं सिम दर सहा महिन्यांनी बदलायचं. रांगेत पहिली होती जानकाबाई, लेक प्रतीक्षाचा हात धरून. तिने बिनदिक्कत तात्यांचा नंबर सांगितला. तिच्या मागच्याने तोच सांगितला, त्याच्या मागच्यानेही तोच. संध्याकाळपर्यंत तीसपस्तीस माणसं एका नंबराला बांधली गेली. पाण्याला हा नंबर चालतो तर आधारला का चालू नये, असा सगळ्यांचा विचार. तात्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं असावं.

मी रुपेश, त्याच वस्तीतला. आळेफाट्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, म्हणून ही भानगड सगळ्यात आधी माझ्या गळ्यात पडली. शिबिरातली पोरं मोठी झाली. कुणी अवसरीकडे डिप्लोमाला, कुणी पुण्यात नर्सिंगला. आमच्या मुलांना पूर्णवेळ शिकण्यासाठी सरकारची शिष्यवृत्ती आहे. फी सरकार भरतं, वर खर्चाला थोडं मिळतं. मिळतं हे खरं, नाही कोण म्हणतो? पण त्याआधी फॉर्म असतो. फॉर्मला दाखले, दाखल्यांना तारखा, तारखांना शेवटची तारीख, आणि या सगळ्याच्या दाराशी ओटीपी. तो ओटीपी जाणार आधारच्या नंबरावर, म्हणजे तात्यांच्या खिशात.

तात्यांना इंग्रजीतले फक्त आकडे वाचता येतात. कुणाचा निरोप, कशाचा निरोप, काही कळायचं नाही. तेव्हा त्यांनी आपली जुनी पद्धत काढली. सकाळी वरच्या गल्लीतल्या पोरांनी फॉर्म भरायचे, दुपारी खालच्या गल्लीतल्यांनी, एका वेळी एकानेच. आकडा आला की पोराचा फोन यायचा, "तात्या, सांगा," आणि तात्या चष्मा चढवून एकेक आकडा मोठ्याने सांगायचे. नंबर बदलून घ्या म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागलो. पोरं "हो दादा, सुट्टीत करतो" म्हणायची आणि सुट्टीत क्रिकेट खेळायची.

मग गेल्या गणपतीत चांगदेवांचं बँक खातं एका दुपारी साफ झालं. चांगदेव आमचेच, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आणि खात्यालाही नंबर तात्यांचाच. कुणीतरी फोन करून तात्यांकडून ओटीपी काढून घेतला होता. कोण, ते तात्या सांगेनात. "वळखला न्हाई आवाज," एवढंच. वस्तीने खापर माझ्यावर फोडलं. सगळ्यांची कागदं रुपेशच्या दुकानात, मग दुसरं कोण असणार? दुकानात येणारं माणूस चौकटीतूनच परत जायला लागलं. मला त्याचा इतका संताप यायचा की जेवण जायचं नाही. ग्रामसभेत बँकेचा माणूस येऊन सांगून गेला, ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका. त्या दिवसापासून तात्यांनी आकडे सांगणं बंद केलं. ज्याला हवा त्याने घरी यायचं, समोर बसायचं.

फेब्रुवारीत प्रतीक्षाचा फोन आला. ती पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आवाज रडकुंडीला आलेला.

"दादा, फॉर्म परत आलाय. उत्पन्नाचा दाखला जुना आहे म्हणे. नवा जोडलाय, पण पुन्हा पाठवायला ओटीपी मागतंय. आज शेवटची तारीख. पाचच्या आत गेला तर कॉलेजचे क्लार्क पुढे पाठवतील. नाहीतर सगळी फी भरा, तेव्हाच परीक्षेचा फॉर्म."

जानकाबाई अंगणवाडीत मदतनीस. फी भरणं तिच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे फॉर्म गेला नाही तर प्रतीक्षाचं वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर बहुधा नर्सिंगही.

"अंगठ्यानं व्हतंय का बघ."

"इथल्या केंद्रातलं मशीन बंद आहे. तात्यांना तीनदा फोन केला. फोनवर सांगणार नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना!"

मी तात्यांना फोन लावला. "तात्या, आपली प्रतीक्षा हाय, जानकाबाईची. तिचं वरीस जाईल."

"म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले.

"मग सांगा की तिला आकडा!"

"फोनवर न्हाई." आणि फोन बंद.

माझं डोकं फिरलं. दुकान तसंच शेजाऱ्याच्या भरवशावर टाकलं आणि गाडी राजुरीला हाणली. मनात म्हटलं, आज म्हाताऱ्याच्या खिशातून फोन ओढून काढायचा, मग काय व्हायचं ते होवो. तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तात्या पुन्याला गेलं की, आत्ताच्या गाडीनं."

चौथ्या खेपेला तात्यांनी फोन उचलला.

"कुठं हायेत तुमी?"

"नारायणगाव आलं. फोन घिऊन प्रतीक्षाकडं चाललोय. समोर गेलो की काम व्हईल तिचं."

मला हायसं वाटलं. लगेच प्रतीक्षाला कळवलं, तर तिच्या मागून कंडक्टरचा आवाज. "दादा, मी निघाले! चाकण सोडलं. तात्या घरी या म्हणाले होते ना, म्हणून बसलेच गाडीत."

आता काय म्हणावं? तात्या पुण्याला निघालेले, पोरगी राजुरीला निघालेली, आणि एकमेकांना सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी दोघांना मंचरला उतरायला सांगितलं. तात्या ऐकेनात. "आरं, तिकीट पुन्याचं काढलंय! मंचरला कसा उतरू?" अर्धं तिकीट, पण ते वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. मी कंडक्टरला फोन द्यायला लावला आणि हातापाया पडून सांगितलं, राव, त्या म्हाताऱ्याला मंचरला उतरवाच.

मी मोटारसायकलवर मंचर गाठलं तेव्हा दीड वाजून गेला होता. तात्या स्टँडवर बाकावर बसलेले, पांढरा शर्ट, खिशावर हात. प्रतीक्षा नाही. तिची गाडी बाहेरच्या रस्त्याने गेली होती आणि तिला मंचरच्या अलीकडेच उतरवलं होतं. ती चालत येत होती. मी रस्त्याकडे बघत होतो, तात्या रस्त्याकडे बघत होते.

प्रतीक्षा आली तेव्हा घामाने भिजलेली होती. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी कॉम्प्युटर मागून घेतला, तिचा फॉर्म उघडला, नवा दाखला तपासला. सव्वादोन. फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

"तात्या, फोन काढा."

तात्यांनी खिशावरचा हात काढला नाही. "आधी मला हिला एक इचारायचंय."

"तात्या, पाचच्या आत..."

"गप बस तू." त्यांचा आवाज हळू होता, पण मी माउसवरचा हात मागे घेतला. ते प्रतीक्षाकडे वळले. "गनपतीत दुपारी एक फोन आला व्हता. पोरीचा आवाज. म्हनली, तात्या, आकडा आलाय तो सांगा. म्या म्हनलं, प्रतीक्षा का गं? ती हो म्हनली. म्या सांगितला. संध्याकाळी चांगद्याचं पैसं गेल्याचं कळलं. ती तू व्हतीस का?"

प्रतीक्षाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला.

मला मात्र सगळं एकदमच कळलं. पाच महिने मी चोर म्हणून वस्तीत वावरलो होतो. "तुमाला म्हाईत व्हतं!" मी ओरडलो. झेरॉक्सवाला दचकला. "तुमाला म्हाईत व्हतं, आन् मला शिव्या खाऊ दिल्या?"

"तू खाल्ल्यास, तुला पचल्या," तात्या म्हणाले. "पोरीचं नाव एकदा वस्तीत निघालं आसतं तर परत गेलं नसतं, रुपेश. आन् ती नसतीच तर? मला कुठं ठावं व्हतं?"

राग होताच, अजूनही आहे. पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

प्रतीक्षाने घाईघाईने मोबाइल काढला. त्या दिवशी माझी वॉर्डात ड्युटी होती, हे बघा, फोटो आहेत, कॉल दाखवते, असं काहीबाही बोलत तिची बोटं स्क्रीनवर धावत होती. मध्येच ती थांबली. मोबाइल पालथा ठेवला.

"तात्या, ती मी नव्हते."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. खिशातून फोन काढून टेबलावर तिच्यासमोर ठेवला. "आला आकडा की तूच वाच."

मी बटण दाबलं. फोन वाजला. लगेच पुन्हा वाजला. दोन निरोप, दोन आकडे. शेवटची तारीख, वस्तीतलं आणखी कुणीतरी त्याच वेळी धडपडत असणार. आता कुठला कुणाचा? तीनदा चुकलं की दिवसभर कुलूप. प्रतीक्षाने पहिला टाकला. चुकीचा. मला तात्यांकडे बघवेना. तिने दुसरा टाकला. पडदा जरा वेळ पांढरा झाला आणि मग फॉर्म जमा झाल्याचं आलं.

तिने क्लार्कला फोन केला. पावणेचारला त्याचा उलटा फोन आला, पुढे पाठवलाय म्हणून. प्रतीक्षाचं वर्ष वाचलं. झेरॉक्सवाल्याने चहा मागवला. आम्ही तिघं तो प्यायलो, पण आनंद झाल्यासारखं कुणीच वागत नव्हतं.

पुण्याच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर उभे होतो. प्रतीक्षा तात्यांपासून दोन हात लांब. एकदम म्हणाली, "आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"काय?"

"ती मीच होते म्हटलं असतं, तर काय केलं असतंत?"

"फोन तुझ्याच म्होरं ठिवला आसता," तात्या म्हणाले. "शिक्षन तुझं हाय. ते का थांबवू? चांगद्याचं मग बघितलं आसतं, तुला घिऊन."

"मग एवढ्या लांब विचारायला कशाला आलात?"

"आगं, म्या दिलेला आकडा कुनाकडं गेला, ह्ये मला कळाय पायजे का नको?" तात्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "पाच म्हैनं कळंना. तुझ्या आईकडं बघून बोलता येईना."

प्रतीक्षा पुढे झाली. वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेली, तर तात्यांनी तिला मध्येच धरलं. दोघं तशीच उभी राहिली, आणि मी उगीच समोर लागलेल्या गाडीची पाटी वाचत राहिलो.

गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून मान बाहेर काढली. "तात्या, पोचले की फोन करते."

"कर की," तात्या म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते खिडकीपाशी गेले आणि अगदी खरोखरचं, अडलेल्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पर फोनवर तूच हायेस, ह्ये मी कसं वळखायचं?"

प्रतीक्षाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर गाडी हलली होती.