पायलचं वय

अमरावतीच्या नारायणबागेतलं प्राणिसंग्रहालय एका खटल्यातून निघालं. नारायणराव वकिलांनी अचलपूरच्या एका अशिलाचा दावा जिंकून दिला, तेव्हा त्याने आनंदाच्या भरात दोन चितळं आणून फाटकाशी बांधली. वकिलांना जनावरांची फारशी आवड नव्हती, पण आलेली भेट परत करायची नाही हा त्यांचा नियम होता. शहराला तो नियम कळायला वेळ लागला नाही. मोर आले, अजगर आला, कारंज्यासाठी बांधलेल्या हौदात मगर आली. पुढे इमूपालनाची लाट ओसरली, तेव्हा एका सकाळी सात इमू फाटकाला बांधलेले सापडले. नाव-पत्ता कोणी ठेवला नव्हता.

या सगळ्यांचं खाणंपिणं शेषराव पाहत. घराणं भाजीपाल्याचं, त्यांना बागेत ठेवलं तेही झेंडूच्या वाफ्यांसाठी. मग अंजनगावकडच्या केळीच्या बागेत मांजरीएवढं बिबट्याचं पिल्लू सापडलं आणि त्याला बाटलीने दूध पाजायला कोणी पुढे होईना. शेषराव झाले. पिल्लाचं नाव पायल ठेवलं, आणि झेंडू वाळून गेला.

मांस खाणाऱ्या जनावरांना सोमवारी उपाशी ठेवायचं, असा तिथला शिरस्ता. शेषरावांना ते बघवेना, म्हणून सोमवारी तेही जेवत नसत. लोकांना वाटे, महादेवाचा उपास. मंगळवारी सकाळी पायलने पहिला तुकडा उचलला की मगच ते डबा उघडत.

"बायको मी हाय का थे?" असं जयवंताबाई वर्षातून दोनदा विचारत. उत्तर येत नसे, आणि त्यांनाही ते नको असे.

पिंजऱ्यांवरच्या पाट्या दर दिवाळीत शेषरावच रंगवत. पायल चौदाची झाली तेव्हा त्यांनी चौदा लिहिलं. अकोल्याहून आलेल्या एका कुटुंबाने ते वाचलं. "म्हातारी हाय बे, झोपूनच राहीन. चाल, मगर पाहू." पायल मान वर करून त्यांच्याकडेच पाहत होती. शेषरावांनी त्याच संध्याकाळी चौदाचे नऊ केले. पुढची पाच वर्षं पाटी दर दिवाळीला नवी झाली, आकडा तोच राहिला. मगरीच्या पाटीवर मात्र त्यांनी तिसाचे साठ केले होते, कारण मगर जितकी म्हातारी तितकी गर्दी.

यंदा संग्रहालयाची मान्यता गेली. जनावरं लांबच्या मोठ्या संग्रहालयात न्यायचं ठरलं. आता ट्रस्ट वकीलसाहेबांची नात चारुताताई बघतात. त्या यादी करायला बसल्या. जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. त्या बागेत पोटभर जेवणारी तेवढी एकच जात. तेव्हा यादी पाट्यांवरून झाली.

"आमच्या शेषरावांची पाटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," चारुताताई तपासणीच्या साहेबांना म्हणाल्या आणि वाचू लागल्या, "मादी बिबट, वय नऊ."

शेषराव खाली पाहत राहिले. चारचौघांत एवढं कौतुक झाल्यावर माणसाने बोलावं तरी काय?

दोन दिवसांनी कळलं, की म्हाताऱ्या जनावरांना प्रवास झेपत नाही म्हणून त्यांना जागेवरच सांभाळायची सूट आहे. मगर राहणार होती. पायल जाणार होती.

शेषराव तसेच चारुताताईंच्या ऑफिसात गेले. "ताई, पायल एकोणीसची हाय. थे पाटी म्याच खोटी लिवली."

चारुताताईंनी पेन खाली ठेवलं. "शेषराव, ती जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, मला कळतं. पण त्यासाठी असं बोलायचं? तुम्ही?"

पाच वर्षं खोटं लिहिलं तेव्हा शेषरावांना कोणी खोटं म्हटलं नव्हतं.

गाडी मे महिन्यातल्या एका सोमवारी निघाली. उपाशी जनावर हलवायला सोपं जातं. "तिले पाणी दाखवत जा, बापू," शेषराव ड्रायव्हरला तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने काच वर केली.

मंगळवारी ते रिकाम्या पिंजऱ्यापाशी बसले. दुपारी जयवंताबाई आल्या, तर डबा तसाच.

"जेवा ना आता. कावून बसून राहिले?"

"थे जेवली का नाई, फोन येऊ दे."

फोन चारुताताईंना आला. सांगायला त्या स्वतः चालत आल्या. पायल वाटेतच गेली होती. कागदावर लिहिलं होतं: मादी बिबट, वय नऊ वर्षे, प्रवासाच्या ताणाने मृत्यू.

"एवढं तरुण जनावर," त्या म्हणाल्या. "कोणाला वाटलं असतं, शेषराव?"

चारुताताई गेल्यावर जयवंताबाईंनी डबा उचलून पदराआड धरला. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं.

हौदापाशी चार माणसं उभी होती. "साठ वर्साची! बाप रे," त्यांतला एक म्हणाला, आणि सगळ्यांनी मोठ्या आदराने आत डोकावून पाहिलं. मगरीची खायची वेळ झाली होती. शेषराव उठले आणि बादली आणायला गेले.