दार काढलेला फ्रिज

आज सकाळी आमचा जुना फ्रिज एकदाचा घराबाहेर काढला. बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण उंदीर शिरत नाहीत म्हणून सासूबाई त्यात वालाचं बियाणं ठेवायच्या. आमच्या वसईत वाडी असलेल्या बऱ्याच घरांत असा एक फ्रिज असतोच.

सातिवलीचा भंगारवाला संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता. तोवर फ्रिज अंगणात. मागच्या नळीत गॅस असतो, तिला कुणी हात लावू नका, असं घरात सांगितलं आणि मी पाना घेऊन दार काढायला बसले. खटक्याचं जुनं दार ते. एकदा लागलं की आतून उघडत नाही.

सासूबाई वैतागल्या. "अगं, संध्याकाळी जाणारच आहे ना तो? असा उघडावाघडा अंगणात बरा दिसतो का?"

"दिसू दे," म्हटलं. दार भिंतीला टेकवलं आणि स्वयंपाकाला लागले.

दुपारी मुलं लपाछपी खेळत होती. सगळी सापडली, फक्त माझ्या जावेची धाकटी ईशा सापडेना. हाका मारून मारून सासूबाईंचा घसा बसला. शेवटी ती विहिरीमागच्या केळीतून पाय खाजवत बाहेर आली.

"मी आधी फ्रिजमध्येच बसले होते," ती म्हणाली. "पण त्याला दारच नाही. लगेच दिसले असते."

सासूबाई टेम्पो येईपर्यंत फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसून राहिल्या.

तुमच्याकडच्या बंद फ्रिजचं दार आतून उघडतं का? तपासत बसू नका. काढून टाका.